एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट

पत्र (जागेअभावी थोडं कापून) :

"माझे सासरे ६८ वर्षांचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. वीस वर्षांपासून शुगर आहे, दोन वेळा इन्शुलिन घेतात, बीपीची गोळी चालू आहे. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) ३.४ आहे, डायलिसिस अजून नाही. लक्ष्मी मार्केटला मामांचा ३८ वर्षं फळांचा गाडा होता, गेल्या वर्षी बंद केला. मागच्या महिन्यात पोटॅशियम ५.७ आलं. डॉक्टर घाईत होते, 'फळं बंद करा' एवढंच म्हणाले आणि पुढची तारीख दिली. रक्त दिलं त्या दिवशी मामांना फार थकवा होता. आदल्या दिवशी एकादशी होती, उपासानं गळून गेले असतील असं आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. आत्यांच्या मते शहाळ्यानं किडनी धुऊन निघते, म्हणून रोज एक शहाळं चालू आहे. मामांचे मेहुणे सांगोल्याहून डाळिंबाची पेटी आणतात. नणंद चिपळूणला असते, तिनं परवा करंबळांची पिशवी पाठवली, रसानं साखर उतरते म्हणून. ती अजून उघडलेली नाही. मामा म्हणतात, जन्मभर लोकांना 'फळं खा' म्हणून विकली, आता मलाच फळ विष झालं का? त्यांना काय उत्तर देऊ?
– एक सून, बाळीवेस, सोलापूर"

ताई,

बाकीच्या पत्राचं नंतर बघू, आधी ती चिपळूणची पिशवी. ती उघडली नाहीत ते फार बरं झालं. आता उघडूही नका. शेजारीपाजारी वाटूही नका, कारण त्या घरात कुणाची किडनी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि पुष्कळदा त्यांनाही ठाऊक नसतं. सरळ कचऱ्यात जाऊ द्या. नणंदेला वाईट वाटेल, तिला हे सदर वाचायला द्या.

या फळाला कुठे करंबळ म्हणतात, कुठे करमळ, कुठे कमरख, आणि मॉलमध्ये स्टारफ्रूट. आपल्याकडे एकाच नावाची दोन वेगळी झाडंही निघतात, म्हणून नावावर जाऊ नका, फळ बघा. पिवळसर हिरवं, अंगावर पाच उभ्या धारा, आणि आडवं कापलं की चकती पाच टोकांच्या चांदणीसारखी दिसते, ते हे. सोलापुरात ते रोजच्या बाजारात फारसं नसतं. पण हल्ली लग्नाच्या बुफेत फळांच्या ताटावर शोभेला ठेवतात, हॉटेलात सरबतात घालतात, आणि कोकणातून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत असतं. मीठ-तिखट लावून फार छान लागतं. अडचण तीच आहे.

या फळात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं एक द्रव्य असतं. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली ते वेगळं काढून दाखवलं. ते मेंदूतल्या पेशींना चेतवतं. तुमची-माझी किडनी धड असेल तर ते लघवीवाटे निघून जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मामांची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, मग ते साठतं आणि मेंदूपर्यंत जातं. सुरुवात बहुतेक वेळा उचकीनं होते. न थांबणारी उचकी, मग उलट्या, हातापायातलं बळ जाणं, माणूस असंबद्ध बोलू लागतो, झटके येतात, आणि काही जण त्यातून परत आलेले नाहीत. हे सगळं खाल्ल्यावर काही तासांत होतं. किडनीच्या पेशंटला अर्ध्या फळानंही असं झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे इथे 'थोडं चालेल का' हा प्रश्नच नाही. फोडही नाही, रसही नाही, लोणचं-मुरंबाही नाही. डायलिसिस सुरू झालं म्हणजे मग खायला हरकत नाही, असंही समजू नका. चुकून कधी पोटात गेलंच तर उचकीची वाट न बघता, जिथे डायलिसिसची सोय आहे अशाच दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, 'किडनीचा पेशंट आहे, कमरख खाल्लंय.' हे वाक्य सांगितलं नाही तर उचकीवर अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जाऊ शकतं.

त्याचीच बहीण बिलंबी. बोटाएवढी, हिरवीगार, आंबट ढाण. तिच्यात ऑक्झॅलेट, म्हणजे किडनीत स्फटिक होऊन अडकणारं द्रव्य, इतकं असतं की केरळात कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून तिचा घट्ट रस प्यायलेल्या माणसांच्या किडन्या अचानक बंद पडल्याच्या नोंदी आहेत. ऑक्झॅलेट कमरखातही भरपूर असतं. म्हणून कमरखाचा किंवा बिलंबीचा रस उपाशीपोटी 'औषध' म्हणून पिणं हे किडनी ठणठणीत असलेल्यानंही करू नये. नणंदेच्या घरी कुणी पीत असेल तर तेवढं तिला सांगा.

पिशवीचं झालं. आता तुमच्या पत्रातली जी ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, तिच्याकडे येते.

आदल्या दिवशी एकादशी होती.

आत्या म्हणाल्या उपासानं गळून गेले. मला वाटतं उलटं झालं असावं. उपासाच्या ताटात काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पंढरपूर ज्यांच्या जिल्ह्यातच आहे अशा माणसांचं एकादशीचं ताट मला पाठ आहे. माझ्या माहेरीही तेच. सकाळी दोन केळी. मग शहाळं, ते तर तुमच्याकडे रोजचंच. दुपारी उकडलेलं रताळं, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा कशावर तरी घातलेलं तेवढंच कूट. तिसऱ्या प्रहरी भूक लागली तर पाच-सहा खजूर. आता हिशेब करा. एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, दोन्हींचं ८००. शहाळ्याच्या पाण्यात ६०० च्या आसपास. दीडशे ग्रॅम रताळ्याचे ३५०, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांचे ३५०, खजुराचे ३००-३२५. बेरीज चोवीसशेच्या घरात जाते, आणि अजून रात्र बाकी आहे. ज्यांचं पोटॅशियम चढतं अशा पेशंटला आम्ही आहारतज्ज्ञ साधारणपणे दिवसभराच्या सगळ्या जेवणाखाणाला मिळून दोन हजारांच्या आसपास धरतो. म्हणजे मामांनी ज्या दिवशी 'काही खाल्लं नाही', त्या दिवशी त्यांनी सगळ्यात जास्त पोटॅशियम खाल्लं असणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिलं.

पोटॅशियम हे काही विष नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका त्याच्यावर चालतो. रक्तात ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं आणि जास्तीचं बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं. ३.४ क्रिएटिनिन आणि ६८ वय म्हणजे मामांची किडनी साधारण पाचांपैकी चौथ्या टप्प्यात आहे. नाला बुजलाय, आणि वरून पाणी येणं चालूच आहे. ५.५ च्या पुढे डॉक्टर सावध होतात, ६ च्या पुढे ईसीजी काढून धावपळ सुरू होते. त्यातही फसवी गोष्ट अशी की पोटॅशियम चढलेलं बऱ्याचदा कळतच नाही. दुखत नाही, ताप येत नाही. कळलंच तर पाय जड होणं, जिना चढताना मांड्यांत बळ नसणं, छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं होणं, दम लागणं. मामांचा 'फार थकवा' कशाचा होता ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण पुन्हा तसा थकवा आला तर उपासावर ढकलू नका, त्याच दिवशी ईसीजी आणि पोटॅशियम करून घ्या.

आणि ती ५.७ ची तपासणी पुन्हा करायला हवी, पुढच्या तारखेची वाट न बघता. कधी कधी रक्त काढताना पट्टी फार वेळ आवळली गेली किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या तर आकडा खोटाच चढलेला दिसतो. खरा असेल तर तो आत्ता कुठे आहे ते कळायला हवं.

आता शहाळं. आत्यांशी वाद घालू नका, कारण त्यांचं ऐकीव पूर्ण चुकीचं नाही, फक्त दुसऱ्या आजाराचं आहे. आपल्याकडे 'किडनीचा त्रास' म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात जातात. मुतखडा झालेल्याला भरपूर पाणी पी, शहाळं पी असं सांगतात, ते त्याच्यापुरतं बरोबर. लघवी जास्त झाली पाहिजे, बारीक खडे वाहून गेले पाहिजेत. मामांना मुतखडा नाही. त्यांची किडनी साखरेनं आणि दाबानं वर्षानुवर्षं झिजली आहे. ती 'धुवून' निघण्यासारखी नाही, आणि शहाळ्यातलं पोटॅशियम बाहेर टाकायलाच ती कमी पडते. त्यांना सांगा, "आत्या, शहाळं मुतखड्याचं औषध आहे, मामांना मुतखडा नाही." माझ्या अनुभवात हे वाक्य बऱ्याच सासवांना पटतं, कारण त्यात त्या चुकीच्या ठरत नाहीत.

शहाळं आजपासून बंद, आणि हे 'कमी करा' नव्हे. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की मोह होईल, तेव्हाही साधं पाणीच, आणि तेसुद्धा डॉक्टरांनी जेवढं सांगितलं असेल तेवढं. फळांचे रस बंद. रस म्हणजे चार फळांचं पोटॅशियम एका घोटात आणि साखर वर. मोसंबीच्या एका मोठ्या ग्लासात सहज ५०० मिलिग्रॅम जातात. उसाच्या रसाचं तर मामांना शुगरसाठीच नाव काढायला नको. पंढरपूर-सांगोल्याकडचे बेदाणे, खजूर, सुके अंजीर, जर्दाळू हे बंद. सुकं फळ म्हणजे पाणी काढून घेतलेलं फळ, पोटॅशियम सगळं आत राहतं. बेदाण्यांच्या शंभर ग्रॅममध्ये साडेसातशेच्या आसपास असतं. गुळातही भरपूर, म्हणून 'साखर नको, गूळ चालेल' हे मामांना दोन्ही बाजूंनी चुकीचं. आणि ते नोनीचे, आवळ्याचे, गव्हांकुरांचे बाटलीतले रस, जे कुणीतरी 'किडनी रिव्हर्स होते' म्हणून फॉरवर्ड करतं, त्यातला एकही घरात येऊ देऊ नका. नोनीच्या रसानं पोटॅशियम चढल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत आलेलं आहे.

डॉक्टर 'फळं बंद करा' म्हणाले. त्यांना मी दोष देणार नाही, दहा मिनिटांत वीस पेशंट बघायचे असले की असंच तोंडातून निघतं. पण त्या वाक्यानं घरात काय झालं बघा. शहाळं चालूच राहिलं, कारण ते कुणाच्या लेखी फळ नाही, पाणी आहे. खजूर चालू राहिला असेल, कारण तो उपासाचा. आणि मामा मात्र सफरचंदाच्या फोडीलाही हात लावेनासे झाले असतील.

हीच चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका डायलिसिस विभागात होते. पेशंटना द्यायला मी एक छापील कागद केला होता, डावीकडे 'खा', उजवीकडे 'खाऊ नका', आणि वर ठळक अक्षरांत 'मीठ कमी करा'. एक गृहस्थ होते, गिरणीतून निवृत्त झालेले, अतिशय शिस्तीचे. त्यांनी कागद देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवला. फळं पूर्ण सोडली, भाज्या निम्म्या केल्या. पुढच्या महिन्यात पोटॅशियम खाली यायचं तर वर गेलं. मी त्यांच्यावर चिडले, काहीतरी लपवताय म्हणाले. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून मिठाचं पाकीट आणून माझ्या टेबलावर ठेवलं. 'कमी सोडियमचं मीठ', मुलानं मुद्दाम महागाचं आणलेलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पोटॅशियम क्लोराइड. सोडियम काढून त्याच्या जागी पोटॅशियम भरलेलं. शिवाय फळं-भाज्या सोडल्यानं त्यांना बद्धकोष्ठ झालं होतं, आणि किडनी थकली की पोटॅशियमचा बराच भाग आतड्यातून बाहेर पडतो. तोही रस्ता मीच बंद केला होता. तो छापील कागद मी नंतर कुणाला दिला नाही.

तर तुमच्या घरातलं मिठाचं पाकीट उलटं करून बघा. मीठ साधंच हवं, थोडं हवं.

दुसरं पाकीट बघायचं ते बीपीच्या गोळीचं. तुम्ही नाव लिहिलेलं नाही. नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' असेल, किंवा स्पायरोनोलॅक्टोन असेल, तर त्या गोळ्या पोटॅशियम वर नेतात. त्या वाईट नव्हेत. सार्टन-प्रिल तर साखरेनं झिजणारी किडनी वाचवायलाच देतात. म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत. पण पुन्हा तपासणी झाली की 'या गोळीचा डोस बघायचा का' असं डॉक्टरांना विचारायचं. गुडघेदुखीसाठी मामा मेडिकलमधून परस्पर काही घेत असतील तर ते मात्र थांबवा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी किडनीही बसते आणि पोटॅशियमही चढतं.

आता मामांच्या प्रश्नाचं. 'मलाच फळ विष झालं का?'

त्यांना सांगा, कमरख आणि बिलंबी सोडली तर मामांसाठी कुठलंच फळ विष नाही, पण आता प्रत्येक फळाला माप आहे. आणि माप कळणारा माणूस तुमच्या घरात त्यांच्याइतका दुसरा कुणी नाही. ३८ वर्षं ज्यांनी करमाळ्याच्या केळ्यांची फणी नुसती हातात घेऊन वजन सांगितलं असेल, कलिंगडावर टिचकी मारून आतला रंग सांगितला असेल, त्यांना 'फळ बंद' हे तीन वर्षांच्या मुलाला सांगतात तसं सांगितलं गेलं. त्यांचा राग फळासाठी कमी आणि यासाठी जास्त असेल, असं मला वाटतं. त्यांच्याकडचा तो तराजू अजून असेल तर काढा. नसेल तर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणा. तोलायचं काम त्यांचं, तुमचं नाही.

तोलायचं काय, तर सध्या, पुन्हा तपासणी होऊन आकडा खाली येईपर्यंत, दिवसाला एकच वाटा, साधारण शंभर ग्रॅम, आणि तोही हलक्या फळांचा. सफरचंदाच्या शंभर ग्रॅममध्ये शंभर-एकशेदहा मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. नाशपाती, अननस जवळजवळ तेवढंच. जांभूळ त्याहून कमी, आणि हंगामात त्याचा वाटा मामांनी आनंदानं घ्यावा. फक्त जांभळानं शुगर बरी होते म्हणून इन्शुलिन चुकवू नये. कलिंगडही शंभर ग्रॅमला हलकंच आहे, पण शंभर ग्रॅम कलिंगड खाऊन उठणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोक अर्धा किलो खातात, वर ते सगळं पाणी. एक फोड, तोलून.

आकडा पाचच्या आसपास स्थिरावला की मग डॉक्टरांना विचारून मधल्या फळांकडे यायचं. दहा-बारा द्राक्षं. पपईच्या चार फोडी. एखादं छोटं संत्रं, रस नव्हे, फोडी. आणि सांगोल्याचं डाळिंब. डाळिंब मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि ज्या शहराच्या वेशीवर केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथल्या माणसाला डाळिंब कायमचं बंद म्हणायला माझीही जीभ वळत नाही. पण एका मोठ्या डाळिंबाचे सगळे दाणे म्हणजे ६०० च्या वर पोटॅशियम. एक आख्खं डाळिंब सोलून ताटलीत दिलं की ते संपतंच. अर्धी वाटी दाणे, पाऊणशे ग्रॅम धरा, म्हणजे पावणेदोनशे मिलिग्रॅम. त्या दिवशी दुसरं फळ नाही. डाळिंबाचा रस मात्र कधीच नाही.

केळी, पेरू, चिकू, सीताफळ, फणस, खरबूज, आमरस, ही टाळायची यादी. केळी-पेरू-फणस पोटॅशियमनं भारी, चिकू-सीताफळ साखरेनंही भारी, आणि आमरस वाटीत मावत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. हापूसची एक फोड चाखायची असेल तर ती डाळिंबाच्या अर्ध्या वाटीच्या जागी, वर नव्हे. पेरूचं वाईट वाटतं, साखरेच्या पेशंटला आम्ही एरवी पेरू आवर्जून सांगतो. बोरांच्या दिवसांत खिशात घेऊन गप्पा मारत खायची सवय असते, तेवढी सांभाळा.

एक गोष्ट फळवाल्यांना पटकन कळेल. पोटॅशियम फळापुरतं नसतं. बटाटा, रताळं, टोमॅटो, पालक, शेंगा चटणी यांतही आहे. बटाटा खायचाच असेल तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. बरंचसं पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. कुकरमध्ये शिटी करून तेच पाणी रश्श्यात घातलं तर काहीच गेलेलं नसतं. शेंगा चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर चमचाभर, डब्यातून बोटानं नव्हे. सोलापूरच्या माणसाला यापेक्षा कमी मी सांगितलं तर तो ऐकणार नाही, मीही ऐकलं नसतं.

एकादशीचं काय करायचं? मुळात इन्शुलिन घेणाऱ्या, किडनी थकलेल्या माणसानं उपास करावा का, हे डॉक्टरांना विचारायला हवं, कारण किडनी थकली की इन्शुलिन अंगात जास्त वेळ टिकतं आणि साखर एकदम खाली जाण्याची भीती वाढते. पण मामा पांडुरंगासाठी करत असतील तर तुमच्या सांगण्यानं ते सोडणार नाहीत, हेही मी जाणते. निदान ताट बदला. भगर करा, तीत पोटॅशियम कमी असतं. साबुदाण्यात तर जवळजवळ नसतंच, पण तो साखर झपाट्यानं चढवतो, म्हणून वाटीभर, आणि त्यावर कूट भुरभुरल्याइतकंच. बरोबर सफरचंदाच्या फोडी. केळी, शहाळं, रताळं, खजूर या चारांना एकादशीला सुट्टी. आणि पुढचं रक्त द्वादशीला देऊ नका, साध्या जेवणाच्या दिवसानंतर द्या, म्हणजे खरा आकडा कळेल.

साखर कमी झाली, घाम सुटला, हात थरथरायला लागले की घरात धावत जाऊन केळं किंवा मोसंबीचा रस देण्याची आपली पद्धत आहे. मामांना ते देऊ नका. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात, किंवा साधी ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. साखर उतरली की हीच वेळ साखर द्यायची असते, तिथे 'शुगरवाल्याला साखर कशी देऊ' म्हणून घुटमळू नका. ग्लुकोजच्या डब्यावर इलेक्ट्रोलाइट, पोटॅशियम असं काही लिहिलेलं नाही ना, हे आणतानाच बघा. तयार ओआरएसमध्ये पोटॅशियम असतं, म्हणून ते उन्हाळी सरबत म्हणून पिऊ नये. जुलाब झाले तर मात्र डॉक्टरांना फोन करून किती द्यायचं ते विचारा.

उद्या आणखी काही झालं, किडनी बदलायची वेळ आली, तर फळांची यादी पुन्हा वेगळी होईल. तेव्हाची औषधं पपनस आणि ग्रेपफ्रूटशी जमत नाहीत, ती फळं रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढवतात. पण ते तेव्हाचं तेव्हा.

भेटायला येणाऱ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण तिथेच घरं हरतात. आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही हा आपला रिवाज, आणि हातात काय असतं तर दोन शहाळी आणि डझनभर केळी. नको म्हटलं की समोरच्याला अपमान वाटतो. एका बाईंनी यावर छान तोडगा काढला होता. दारातच हसून म्हणायच्या, "बाबांना फूल आणा, ते वास घेतील, फळ मी खाईन." चार-पाच वेळा असं झालं की नातेवाइकांत बातमी फिरते.

मेहुण्यांची डाळिंबाची पेटी परत करू नका. पेटी आली की मामांच्या पुढ्यात ठेवा. सोलायला त्यांनाच सांगा. वरची टोपी काढून, आतल्या पडद्यांच्या रेषेवर चिरा देऊन, दाण्याला धक्का न लावता डाळिंब उघडायची हातोटी त्यांच्या बोटांत असणार. नातवंडांच्या वाट्या भरून झाल्या की स्वतःची अर्धी वाटी त्यांनी काट्यावर ठेवायची. पण ती पुढच्या रिपोर्टनंतर. तोवर दाणे नातवंडांचे, आणि मामांना सफरचंद.

रिपोर्ट आला की आकडा कळवा. त्याच्या आदल्या दिवशी मामांनी सकाळपासून काय काय खाल्लं तेही लिहा, आणि बीपीच्या गोळीचं नाव.